पहिलं पान

एका राज्यात, अगदी सीमेवर, एक विपरीत किल्ला होता. शत्रू आला की किल्ल्याचा महादरवाजा आपसूक उघडे, आणि आपली माणसं आली की घट्ट मिटे. बांधणी मात्र पाहत राहावी अशी! दोन बुरुजांच्या कवेत दरवाजा दडलेला, तटाला बाण सोडायला तिरप्या जंग्या, वाटेवर कातळात कोरलेलं गार पाण्याचं टाकं, आणि दरवाजाच्या माथ्यावर दगडी शरभ. अंग सिंहाचं, पंख गरुडाचे.

मांत्रिक राजा कर्कोटाची फौज सांजेपर्यंत येऊन धडकणार होती. पायथ्याची पाथरवटांची वस्ती गडावर न्यायला राजकन्या वेणा धावत आली. पण दार उघडेना. लेकरं रडू लागली.

जंगीतली साळुंकी म्हणाली, "राजकन्ये, रुसवा शरभाचा आहे. त्यालाच विचार."

वेणाने हात जोडले. "शरभदेवा, आमचं काय चुकलं?"

शरभ बोलला, "गड पुरा झाला की पहिलं पान बांधणाऱ्यांना वाढायचं, ही रीत. तुझे पणजोबा स्वतःच पाटावर बसले. पाथरवट उपाशी परतले. म्हणून हा शाप."

भूक लागली होती म्हणे महाराजांना! त्यांच्या त्या चार घासांपायी पुढच्या पिढ्या दाराबाहेर ताटकळल्या.

"उतारा सांगा, देवा."

"एक दगड खाणीतून आण, एक चुना मळायच्या घाण्यातून, एक टाक्यातून. जिथून घेशील तिथे मान लववून ये."

खाणीत नाग होता. वेणा वाकली, नागाने वेटोळं सोडलं. घाण्याला जुंपलेले, कधीच मेलेले बैल अजून फिरत होते. तिने त्यांची पाठ थोपटली, ते थांबले. टाक्यापाशी तिने मान लववली, आतल्या जलदेवतेने दगड स्वतःच वर दिला.

तीन दगड जवळ मांडले आणि वेणाला उमगलं, ही तर चूल! शिदोरीतले ओंजळभर तांदूळ तिने भांड्यात शिजत घातले. भांडं उतू जाईस्तोवर भरलं. उंबऱ्यापुढे पानं मांडून तिने साऱ्या वस्तीला आपल्या हाताने वाढलं.

"गड तुम्ही उभारलात, आम्ही नुसता आमचा म्हटला. तुमचे उपकार विसरलो, ते आज आठवले. पोटभर जेवा."

शेवटचं पान वाढलं आणि भांडं रिकामं झालं. तिच्यासाठी शीतही उरलं नाही. तेव्हा पाथरवटांची म्हातारी धोंडाई उठली आणि आपल्या पानातला घास तिच्या तोंडाशी नेत म्हणाली, "लेकी, वाढणारीनं उपाशी राहू नये गं."

वेणाने तो घास रडत रडत खाल्ला. महादरवाजा करकरत उघडला, सारी वस्ती आत गेली, मागे दार मिटलं. कर्कोटाने तीनदा मंत्र म्हटला. दार हललं नाही. तो आल्या वाटेने परत गेला.

तेव्हापासून त्या गडावर पहिलं पान पाथरवटांचं. आणि दरवाजावरचा शरभ पुन्हा नुसता दगड झाला. फक्त त्याच्या ओठाला भाताचं एक शीत चिकटलेलं आहे.