पुलाची शेवटची कमान

"महाराज, बारा वर्षं झाली, पुलाची शेवटची कमान काही पुरी होईना! नावेत चढता-उतरता माझी निम्मी मडकी फुटतात!" कोंडाबाई कुंभारीण भर दरबारात ओरडली.

पुलाचं काम होतं विसाजीपंत कारभाऱ्यांकडे. ते शांतपणे म्हणाले, "कधी मुहूर्त नसतो, कधी चुना मुरत नाही. कुंभारणीला काय कळतंय त्यातलं?"

राजा महाहट्टी. कारभाऱ्याविरुद्ध एक शब्द ऐकून घेईल तर शपथ!

"एवढी शहाणी आहेस तर तूच कर पूल पुरा!" तो गरजला. "मृगाच्या आत! जास्तीचा एक गवंडी नाही, एक दगड नाही. नाही जमलं, तर तुझी भट्टी बंद आणि तू राज्याबाहेर!"

मृगाला उरले होते वीस दिवस. तरी कोंडाबाईनं पदर खोचला.

"करते. फक्त एक दवंडी पिटवा, महाराज. पूल होईस्तोवर नावेचं भाडं माफ, आणि नावाड्यांचा पगार नावांच्या मालकानं द्यायचा."

"बस, एवढंच? पिटवा दवंडी!"

"नको, महाराज! मी बुडालो!" विसाजीपंत किंचाळले.

राजाच्या भुवया वर गेल्या. "नावा तर तुमच्या मेहुण्याच्या ना, पंत? मग बुडालात तुम्ही कसे?"

पंत उगाच पागोटं सारखं करू लागले.

"सांगते की मी!" कोंडाबाई म्हणाली. "नाव मेहुण्याचं, नावा ह्यांच्या. पूल झाला तर नावेत बसतंय कोण?"

दवंडी पिटलीच. दुसऱ्या दिवशी मुहूर्त सापडला! चुनाही मुरला! भर उन्हात डोक्यावर ओला पंचा टाकून पंत स्वतः गवंड्यांच्या मागे लागले. पंधराव्या दिवशी कमान पुरी, आणि सोळाव्या दिवशी पंतांचं कारभारीपद गेलं.

पालखीतून पूल बघायला आलेला राजा म्हणाला, "कोंडाबाई, आजपासून पुलाचा कारभार तुझ्याकडे!"

"नको, महाराज! मडकी लादलेली माझी गाढवं आता रोज ह्याच पुलावरून जाणार. कारभार माझ्याच हाती दिलात, तर गाढवं आधी पार होतील आणि तुमची पालखी काठावर ताटकळेल!"

राजा इतका खदखदून हसला, की भोयांनाही हसू आवरेना. त्यानं कोंडाबाईला लुगडं दिलं, खण-नारळ दिला, वर दोन तरणी गाढवं दिली.

आणि त्या दिवशी खरोखरच राजानं पालखी थांबवली, गाढवं आधी गेली!