राजदोरी आणि धूम्रकेशाची तीन कोडी

एका राज्यात जमीन दोरीनं मोजत. राजा सोमशेखराची चोवीस काठ्या लांबीची राजदोरी होती. ती ज्या तुकड्याभोवती पुरी फिरली, तो तुकडा एका प्रजाजनाचा. दोरी सर्वांना सारखी, म्हणजे न्यायही सारखा, असं राजा छातीठोकपणे सांगे. हसू नका, बरं! त्या राज्यात सात पिढ्या असंच चाललं होतं.

धूम्रकेश नावाच्या मांत्रिकाच्या वाट्याला मात्र ओढ्याकाठची लांबुळकी पट्टी आली. त्यानं दाद मागितली, राजानं हाकलून दिलं. मांत्रिकच तो! त्यानं चिमूटभर भस्म फुंकलं आणि राजा पायांपासून दगडाचा होऊ लागला. सातव्या दिवशी दगड गळ्याशी आला. तेव्हा एक साळुंकी सिंहासनावर येऊन बसली आणि माणसाच्या वाणीनं बोलली.

"राजकन्ये मृगावती, मांत्रिकाच्या गुहेत तीन कोडी आहेत. सूर्य मावळण्याआत सोडव. एक एक चूक दगडाला चार चार बोटं वर चढवील. नाकाशी पोचला, की राजाचा श्वास संपला."

मृगावती धावतच निघाली. माळ्याचा केरबा आणि कोष्ट्याची सगुणा हे तिचे लहानपणापासूनचे सवंगडी. तेही मागून धावले. गुहेच्या तोंडाशी तिनं त्यांना अडवलं. "वडील माझे, कोडी मी सोडवीन."

आत तांब्याचा नाग फणा काढून बसला होता. "माझा वाफा नऊ हात लांब, पाच हात रुंद. त्याच्याभोवती सोन्याची तार किती लागेल?"

"नऊ आणि पाच, चौदा हात!"

तार निघाली, दोन बाजू फिरली आणि संपली. बाहेर साळुंकी किंचाळली, "दगड हनुवटीवर चढला!"

मृगावती गुहेच्या तोंडाकडे धावली. कुणाला विचारायची तिला सवय नव्हती, पण आता कसला मान नि कसलं काय! "केरबा! सगुणा! आत या!"

केरबानं तार पाहिली आणि कपाळावर हात मारला. "ताईसाहेब, दोनच बाजूंना कुंपण? शेळ्यांना आवतणच की! बागेला चारी बाजूंनी फिरावं लागतं. नऊ, पाच, पुन्हा नऊ, पुन्हा पाच."

"अठ्ठावीस!" मृगावती ओरडली. नाग वाट सोडून सरपटत गेला.

पुढच्या दालनात जमिनीऐवजी निखारे होते. भिंत बोलली, "आठ हात लांब, सहा हात रुंद. हातभर लांब, हातभर रुंद अशा किती फरश्या देऊ?"

केरबाला चेव चढला होता. "सोपं आहे! आठ, सहा, आठ..."

सगुणानं त्याच्या तोंडावर हात ठेवला. "गप रे शहाण्या! गोधडीला काठ लावायचा तर भोवतीनं मोजायचं. आत तुकडे लावायचे तर ओळी मोजायच्या. एका ओळीत आठ तुकडे, अशा ओळी सहा."

"सहा आठे अठ्ठेचाळीस!" मृगावतीनं उत्तर दिलं. फरश्या धडाधड येऊन बसल्या आणि तिघं त्यांच्यावरून पळत सुटली.

गुहेपलीकडच्या माळावर धूम्रकेश उभा होता. सूर्य डोंगराला टेकला होता. त्यानं राजदोरीची जुळी दोरी त्यांच्यापुढे टाकली.

"या चोवीस काठ्यांत मला दहा काठ्या लांब, दोन काठ्या रुंद पट्टी मिळाली. राजा म्हणतो, दोरी सारखी तर जमीन सारखी. खरं की खोटं? मोजून दाखव."

खरं, हा शब्द मृगावतीच्या अगदी जिभेवर आला. लहानपणापासून तिनं तेच ऐकलं होतं. पण तिनं ओठ मिटले आणि सवंगड्यांकडे वळली. "तुम्हाला काय वाटतं?"

केरबानं चार खुंट्या ठोकून दोरी ताणली. दहा, दोन, दहा, दोन. सगुणानं आत काठीभर लांबरुंद चौकटी आखल्या. दहाच्या दोन ओळी, वीस चौकटी.

"आता लांबी कमी करू!" मृगावतीनं खुंट्या उपटल्या. आठ आणि चार. दोरी पुरी फिरली, चौकटी बत्तीस!

"अगं बाई! वाढल्या की!" सगुणा नाचायलाच लागली.

"आणखी जवळ घ्या!" सहा आणि सहा. दोरी तेवढीच, बोटभरही जास्त नाही. चौकटी छत्तीस!

मृगावती मांत्रिकापुढे उभी राहिली. "खोटं आहे. माझे वडील चुकले. दोरी सारखी होती, जमीन नव्हती."

धूम्रकेशाचे डोळे भरून आले. "इतकंच ऐकायचं होतं, पोरी." त्यानं हातातलं भस्म वाऱ्यावर सोडून दिलं, आणि सूर्य मावळला.

तिघं परतली तेव्हा राजा सिंहासनावर जिवंत बसला होता. मृगावती त्याच्या गळ्यात पडून रडली.

"कोडी कुणी सोडवली?" राजानं विचारलं.

"आम्ही तिघांनी. आणि आबासाहेब, शेवटचं उत्तर तुमच्या विरुद्ध आहे." तिनं सगळं सांगितलं.

राजा उठला, खुंटीवरची राजदोरी काढली आणि स्वतःच्या हातांनी केरबाला दिली. "ही विहिरीच्या पोहऱ्याला बांध. उद्यापासून जमीन चौकटींनी मोजायची."

धूम्रकेशाला राहिलेल्या सोळा चौकटी मिळाल्या, साळुंकीला डाळिंब मिळालं. आणि सात पिढ्या जमीन चुकीची मोजणारी ती दोरी त्या दिवसापासून गावाला पाणी पाजू लागली.