सिसाची वाटी

गवताच्या त्या झुलत्या पुलाच्या दोन्ही टोकांना एकेक दगडी चूल आहे, आणि प्रत्येक चुलीशेजारी एक मातीची वाटी झाकून ठेवलेली असते. त्यातली एक मी खाऊन टाकली. ती अलीकडच्या काठावरची होती की पलीकडच्या, हे विचाराल तर मला आता छातीठोक सांगता येणार नाही, कारण त्या दिवशी माझं सगळंच उलटसुलट झालं होतं.

पेरू देशातल्या आंदीजच्या डोंगरात आम्ही एका दिवसाच्या सहलीला निघालो होतो. आम्ही म्हणजे मी, आमचे हे, आणि शर्वरी. शर्वरी मूळची मिरजेची, पेरूतच लग्न करून स्थायिक झालेली, आणि आपल्याकडून गेलेल्यांना जुनी ठिकाणं दाखवण्याचं काम करणारी. हे जन्मभर मोजणी खात्यात होते. बांध कोणाचा, झाड कोणाच्या हद्दीत, फांदी कोणाच्या हद्दीत, हे ठरवण्यात त्यांची हयात गेली. त्यामुळे एखादी गोष्ट नक्की इकडची की तिकडची, हे कळल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही.

सकाळी आम्ही एक किल्ला पाहिला, मग एक पाण्याचं देऊळ, मग डोंगराला पायऱ्या पाडून केलेली जुनी शेतं. त्या उंचीवर हवा विरळ. माझं डोकं बधिर झालेलं आणि शर्वरी सांगत होती ते एका कानातून आत शिरून तिथेच घुटमळत होतं. दुपारपर्यंत देवळातलं पाणी मी किल्ल्यात नेऊन सोडलं होतं. हे मात्र दर ठिकाणी विचारत होते, "हे आधीचं की ते आधीचं?" शेवटी शर्वरी म्हणाली, "काका, इथे सगळं एकमेकांवर बांधलेलं आहे. खालचं कोणाचं नि वरचं कोणाचं, यावर शिकलेली माणसंही भांडतात."

शेवटचं ठिकाण तो पूल. खोल दरी, तळाशी नदीचा नुसता आवाज, आणि वर गवत वळून केलेल्या दोरांचा पूल. दोन माणसं अंग चोरून एकमेकांना ओलांडतील एवढाच रुंद. तिथे आम्हाला सिप्रियानो आजोबा भेटले. त्यांच्या डोक्यावर कानटोपी होती आणि गालात पानांचा तोबरा. पूल दाखवायचा मान त्यांच्या घराकडे आहे. आम्ही पुलावर पाय ठेवला आणि धुकं उतरलं. एवढं दाट, की पुढे चाललेल्या ह्यांचा कोटही दिसेना. मी दोर धरून चालत राहिले. मध्येच थांबले, वळले, कोणीतरी पुढे गेल्यासारखं वाटलं म्हणून परत चालू लागले. पाय जमिनीला लागले तेव्हा समोर चूल होती, आणि चुलीपाशी एक म्हातारी. तिने मला काही विचारलं नाही. वाटीवरचं झाकण काढून वाटी माझ्या हातात दिली. बटाट्याचं दाट, ऊन कालवण होतं. मी शेवटचा थेंबसुद्धा सोडला नाही.

मग बाकीचे तिघे धुक्यातून आले. सिप्रियानो आजोबांनी रिकामी वाटी पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि शर्वरीला काहीतरी म्हणाले.

"काकू," शर्वरी म्हणाली, "ते म्हणतायत की सिसाची वाटी तुम्ही खाल्लीत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणजे मी नैवेद्य खाल्ला की कोणाच्या तोंडचा घास काढला? आजोबांनी मला चुलीपाशी बसवलं आणि सांगायला सुरुवात केली. ते सांगत, शर्वरी मराठीत आणी. मी ऐकलं तसं लिहिते.

असं सांगतात, की फार पूर्वी, राजांच्याही आधी, या दरीच्या एका काठावर रुमिकांचा नावाचं गाव होतं आणि दुसऱ्या काठावर वायटापाता. दोन्ही गावं आजही आहेत. पूल दर वर्षी नवा करायचा ही रीत तेव्हाचीच. गवत झोडपायचं, भिजवायचं, बायकांनी त्याच्या बारीक दोऱ्या वळायच्या आणि पुरुषांनी त्या दोऱ्यांचे जाड दोर करायचे. त्या काळी रुमिकांचाचे दोर निराळे आणि वायटापाताचे निराळे. अर्धा पूल यांचा, अर्धा त्यांचा. मधोमध दोन्ही गावं गाठ मारत.

रुमिकांचाच्या मुखियाला एक मुलगा होता आणि एक मुलगी. मुलीचं नाव सिसा. ती वायटापाताला दिली होती. तिचा नवरा पोमा, अंगावर पिणारं एक बाळ. एका वर्षी सिसाचा भाऊ तिला भेटायला निघाला आणि पुलाच्या मधोमध हाताचा दोर तुटला. भाऊ नदीत गेला, तुटलेला दोरही गेला. कोणाच्या बाजूचा दोर तुटला हे पाहायला काही उरलंच नाही. रुमिकांचा म्हणे, दोर तुमचा. वायटापाता म्हणे, तुमचा. पाण्याचं भांडण मिटतं, कुरणाचं मिटतं, पण जे पाहायला मिळत नाही त्याचं भांडण मिटवणार कसं?

शेवटी दोन्ही गावांनी ठरवलं, पूल तोडायचा. त्याआधी ज्या गावची लेक त्या गावात परत. मुलं मात्र बापाकडे. अशा रीतीने एका सकाळी सुना रडत आपापल्या माहेरी निघाल्या. सिसाने बाळाला मागे ठेवलं नाही. रंगीत चादरीत घालून पाठीशी बांधलं, पुलाच्या मधोमध आली, आणि तिथेच बसली.

या काठावरून बाप ओरडला, बाळ परत दे आणि ये. त्या काठावरून पोमा ओरडला, बाळाला घेऊन मागे फीर. तेव्हा सिसा म्हणाली म्हणे, "माझा भाऊ ज्या दोराने गेला तो कोणाचा, म्हणून भांडता. माहेरी होते तेव्हा मी तिकडच्या दोऱ्या वळल्या. सासरी आले, इकडच्या वळल्या. दोर कुठलाही असो, माझे हात त्याला लागलेले आहेत. मग मला कुठल्या काठावर उभी करता?"

ज्याला उत्तर सुचत नाही तो हट्ट धरतो. आज ना उद्या भूक लागेल, मग येईल आपल्याच बाजूला, असं दोन्ही काठांनी ठरवलं. तिला कोणी घास नेऊन दिला नाही. बाळ रडत होतं ते दोन्ही गावांना ऐकू येत होतं.

इथे आजोबांनी गालातली पानं या बाजूची त्या बाजूला केली. मग म्हणाले, की या गोष्टीतलं पाप एवढंच आहे, दोर तुटणं हे पाप नव्हे.

मग धुकं उतरलं. आज उतरलं तसंच. डोळ्यांना काही दिसेना, तसा बाळाचा आवाज मोठा वाटू लागला. आणि एकदम तो थांबला. सिसाची आई कालवणाची वाटी पदराखाली धरून पुलावर चढली. त्याच वेळी समोरून सिसाची सासूही तशीच वाटी घेऊन चढली. दोघींनी कोणाला विचारलं नाही. त्यांच्यामागे बाप निघाला, पोमा निघाला, आणि मग दोन्ही गावं निघाली, पूल तोडायच्या सुऱ्या तशाच कमरेला. पुलावर माणसाला माणूस घासून गेलं, पण कोण कोणाला घासलं ते कळलं नाही. मधोमध पोचावं तर जागा रिकामी. रुमिकांचाची माणसं समजली की ती वायटापाताला गेली, म्हणून पुढे गेली. वायटापाताची समजली की ती माहेरी गेली, तीही पुढे गेली.

धुकं विरलं तेव्हा अख्खं रुमिकांचा वायटापातात उभं होतं, आणि वायटापाता रुमिकांचात. घरात पोरं उपाशी, चुलीवर भांडी करपायला लागलेली. शत्रूची झाली तरी पोरंच ती. त्यांना आधी खाऊ घालावं लागलं. मग मुखिया पुलाच्या तोंडाशी आला, कमरेची सुरी काढली, आणि तशीच धरून उभा राहिला. कारण तोडला तर आपलं घर पलीकडे राहतं. पलीकडे पोमा तसाच सुरी धरून उभा होता.

सिसा कुठेच सापडली नाही. नदीकाठ धुंडाळला, चादरीचा धागाही मिळाला नाही. रुमिकांचाचे म्हणतात, ती वायटापाताला गेली आणि तिथेच कोणाच्या तरी घरात म्हातारी झाली. वायटापाताचे म्हणतात, ती माहेरीच राहिली. दोघी म्हाताऱ्या मात्र आपापली वाटी जिथे पोचल्या तिथेच चुलीशी झाकून ठेवून आल्या. आईने सासरच्या काठावर, सासूने माहेरच्या. दुसऱ्या दिवशी वाटी पाहायला जायचं तर पूल हवा. तिसऱ्या दिवशीही हवा.

"म्हणजे," हे म्हणाले. इतका वेळ ते बोलले नव्हते हेच नवल. "म्हणजे ती नक्की कुठे गेली? दोन्ही गावांचं खरं असू शकत नाही. की पडली नदीत?"

"तुमची दोघांची गावं कुठली?" आजोबांनी शर्वरीमार्फत विचारलं.

"माझं सांगली. हिचं माहेर वाई."

"मग ही कुठली?"

"ही... सांगलीची. म्हणजे वाईची. म्हणजे आता..." हे थांबले. बांधावर उभं राहून शेकड्यांनी निकाल दिलेला माणूस, पण बायको कुठल्या हद्दीत घालावी ते त्यांना सुचेना. मला हसू आलं.

आजोबा हसले नाहीत. म्हणाले, "आमच्यातलेही काही हुशार लोक अधूनमधून शोधायला निघतात. आम्ही त्यांना जेवू घालतो आणि परत पाठवतो. ती इकडे होती असं नक्की ठरलं, की उद्यापासून तिकडची वाटी भरायला कोण जाईल? आणि कोणी गेलंच नाही, तर पूल कशाला वळायचा?"

ह्यांनी मान हलवली, पण त्यांना पटलं नव्हतं. मला मात्र माझी आई आठवली. आमच्या लग्नात मानपानावरून दोन्ही घरांत बिनसलं, आणि पुढे कितीतरी वर्षं मला माहेरी पाठवलं नाही. कोणाचं चुकलं ते आजही कोणाला धड सांगता येत नाही. सासऱ्यांची एक कथा, माझ्या वडिलांची दुसरी. पुढे येणं-जाणं सुरू झालं, तेव्हा वहिनी सहज बोलून गेली, की प्रत्येक सणाला आई एक वाटी भरून फडताळात झाकून ठेवायची. मी विचारलं, आई काय म्हणायची? वहिनी म्हणाली, काही नाही, असू दे म्हणायची. हे मी ह्यांना कधी सांगितलं नव्हतं. त्या चुलीपाशी सांगितलं, तेही शर्वरीसमोर आणि दोन परक्या म्हाताऱ्यांसमोर. बाई, विरळ हवेत माणूस काय बोलेल याचा नेम नाही.

हे चुलीतल्या राखेकडे बघत बसले.

मी आजोबांना म्हटलं, "मी त्या बिचारीचं खाल्लं. आता काय करायचं?" शर्वरीने विचारलं. आजोबा म्हणाले, की वाटी त्यासाठीच असते. धुक्यातून जी कोणी येते तिला ती द्यायची, आणि कुठून आलीस असं विचारायचं नाही. कारण ती तीच नसेल कशावरून? फक्त खाल्लेली वाटी रिकामी ठेवून जायचं नाही.

माझ्या पिशवीत शेंगदाण्याचे लाडू होते. एक काढून वाटीत ठेवला. म्हातारीने तो नाकाशी धरला, शेंगदाणा ओळखला, मान डोलावली, आणि झाकण लावलं.

तोवर हे उठले होते. त्यांनी माझ्यापुढे हात केला. "एक लाडू दे."

"भूक लागली?"

"नाही. पलीकडच्या वाटीत ठेवून येतो."

"ती भरलेली असेल."

"असू दे," ते म्हणाले.

एरवी हा माणूस शिडीवर चढायला घाबरतो. लाडू रुमालात धरून ते पुलावर चढले, आणि दोर कुरकुरत राहिले. पुन्हा धुकं आलं, तेव्हा ते मधोमध होते. मग ते दिसेनासे झाले, नुसते दोर हलताना दिसत होते. मी चुलीपाशी उभी राहिले. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्यांची अशी वाट कधी पाहिली नव्हती. आमची गाडी या काठाला होती की त्या, तेही मला त्या क्षणी आठवेना. शर्वरीला विचारावंसं वाटलं, पण विचारलं नाही.

ते परत आले तेव्हा ओले झाले होते. दम खात म्हणाले, "तुझी आई किती वर्षं ठेवत होती वाटी?"

"नक्की नाही सांगता येणार," मी म्हटलं.

ते बरं म्हणाले, आणि पुढे काही विचारलं नाही.

आजही त्या दोन गावांत पूल वळायच्या आधी सगळ्या बायकांच्या दोऱ्या एकाच ढिगात टाकून कालवतात, म्हणजे कोणती कोणाची ते कोणालाच कळू नये. आजही रोज सकाळी रुमिकांचाची एक बाई वाटी घेऊन वायटापाताच्या काठावर जाते आणि वायटापाताची रुमिकांचाच्या. पुलावर भेटल्या तर अंग चोरून एकमेकींना वाट देतात, वाटी हिंदकळू देत नाहीत. सिसा कुठे आहे हे दोघींपैकी कोणी विचारत नाही. पोचली की झाकण काढून पाहते, आणि कालचं कालवण कोणी खाल्लेलं असलं तर तिला बरं वाटतं.