चौथा प्रश्न

एका राज्यात एक परगणा होता, आणि त्या परगण्यातली माणसं फार हुशार होती. किती हुशार, ते पुढं कळेलच. ऐका.

परगण्यात काही सार्वजनिक काम काढायचं झालं, विहीर म्हणा, घाट म्हणा, रस्ता म्हणा, की राजा अमितवर्मा दवंडी पिटवी. काम करू इच्छिणाऱ्यांनी आपापली मागणी लखोट्यात घालून, लाख लावून, दरबारी आणून द्यायची. माणसाच्या वाचण्यावर कोणाचा भरवसा नव्हता, म्हणून लखोटे वाचायला एक साळुंकी ठेवलेली होती. ती लिहिलेलं तेवढंच वाची, पदरचं एक अक्षर घालीना. जो सर्वांत कमी मागेल त्याला काम. मग राजमुद्रा सांभाळणारी परगण्याची मोहोरदारीण त्याला तीन प्रश्न विचारी: काम काय? खजिन्यातून किती? पुरं कधी? उत्तरं मिळाली की नगाऱ्यावर तीन ठोके पडत. तिसऱ्या ठोक्याआधी ज्याची हरकत असेल त्यानं उभं राहावं आणि त्याचं नाव पुकारलं जावं. जो हजर नाही त्याची संमती आहे असं धरलं जाई. तिसरा ठोका पडला की मोहोर उठे, आणि उठलेली मोहोर राजालासुद्धा पुसता येत नसे.

त्या काळी मोहोरदारीण होती वेणुमती. नऊ पिढ्यांची मोहोरदारी तिच्या घरात. बाई करारी, कामात चोख, लाच म्हणून सुपारीचं खांड घ्यायची नाही. पण एक सांगून ठेवतो, नऊ पिढ्या जे तीन प्रश्न विचारत आल्या तेच तीन तीही विचारी. चौथा प्रश्न असू शकतो हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तुमच्या आलं असतं का?

तर त्या परगण्यातून भीषणा नावाची नदी वाहत होती. दर पावसाळ्यात ती दोन-चार होड्या माणसांसकट गिळायची. पूल हवाच होता, त्यात काही खोटं नव्हतं. दवंडी पिटली आणि दोन लखोटे आले.

पहिला वज्रधर पाथरवटाचा. साळुंकीनं वाचलं, "तीन कमानींचा पूल. खजिन्यातून नऊ हजार मोहरा. तीन वर्षं."

दरबाराचे डोळे पांढरे झाले. "नऊ हजार? सोन्याचा बांधतोस काय रे?" कोणीतरी ओरडलं. वज्रधर मान खाली घालून उभा राहिला. त्यानं दगडाचा भाव, मजुरांची भाकरी, सगळं धरून आकडा काढला होता, आणि खरा आकडा ऐकायची तिथं कोणाला सवय नव्हती.

दुसरा लखोटा खर्परक नावाच्या मांत्रिकाचा. साळुंकीनं वाचलं, "तीन कमानींचा पूल. खजिन्यातून शून्य मोहरा. तीन दिवस. मोबदला आज या दरबारात जे हजर नाहीत त्यांच्याकडून."

आणि मग काय हशा उसळला म्हणता! हजर नाहीत ते कोण? परमुलखाचे व्यापारी! पुलावर त्यांच्याकडून जकात घेणार, दुसरं काय! भरू देत लेकाचे! लोकांनी एकमेकांना टाळ्या दिल्या.

वेणुमतीच्या मनात काहीतरी खटकलं होतं. नंतर तिनंच ते कबूल केलं. पण तीन प्रश्नांची उत्तरं सरळ मिळाली होती. तिन्ही ठोके पडले, कोणी उठलं नाही, आणि तिनं मोहोर उठवली. त्या वेळी तिची लेक उत्पला घरी पडून होती. चौथा महिना होता, उलट्यांनी बेजार होती. ती दरबारात हजर नव्हती, आणि तिच्या पोटातलं तर नव्हतंच नव्हतं.

तीन दिवसांत पूल उभा राहिला. चौथ्या दिवशी त्यावरून बैलगाड्या गेल्या. आणि पाच महिन्यांनी उत्पलेला मुलगी झाली, तिचं नाव कुंदा. मूल गोरंगोमटं, हातीपायी धड. पण ते रडलं नाही. सुईणीनं उलटं धरलं, पाठीत चापट्या मारल्या. तोंड उघडलं, डोळ्यांतून पाणी आलं, आवाज मात्र आला नाही.

पुढं चार वर्षांत परगण्यात ब्याण्णव मुलं जन्मली आणि ब्याण्णवच्या ब्याण्णव मुकी. लोकांनी वैदू केले, उतारे टाकले, सुनांना बोल लावले. वेणुमती नातीच्या मागं दिवसभर हाका मारत फिरे. "कुंदा, जेवायला चल. कुंदा, पडशील गं. कुंदा, ओ दे की एकदा." चार वर्षं रोज शंभर हाका, आणि एकदाही ओ आली नाही.

एके सकाळी उत्पला म्हणाली, "आई, शेजारची पोरं पूल व्हायच्या आधीची. ती सगळी बोलतात. नंतरचं एकही बोलत नाही. तुझ्या कधी लक्षात आलं नाही?"

आलं होतं. लक्षात आलेलं कबूल करायला चार वर्षं लागली, एवढंच. वेणुमती तशीच उठून दरबारात गेली, दप्तरातून करार काढला, साळुंकीसमोर धरला आणि विचारलं, "हजर नव्हते ते कोण?"

साळुंकीनं शेवटची ओळ पुन्हा वाचली आणि म्हणाली, "हजर नव्हते ते न जन्मलेले. मोबदला त्यांचा आवाज."

"तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तेव्हा विचारलं नाहीत."

वेणुमती पुलाच्या मधल्या कमानीखाली गेली. तिथं खर्परक बसला होता, पुढ्यात तराजू. एका पारड्यात ब्याण्णव आवाज, ब्याण्णव पांढरे खडे. तिला बघून तो उठलाही नाही.

"करार मोडायला आले," ती म्हणाली.

"मोडता येतो. तीन गोष्टी लागतील. पहिली, ज्या मोहोरेनं करार पक्का झाला ती मोहोर. दुसरी, माझ्या पुलावरून चालणाऱ्या प्रत्येकाच्या जिभेवरचा एक शब्द. दिलेला शब्द त्याच्या तोंडी जन्मात पुन्हा येणार नाही. तिसरी, हे दुसरं, रिकामं पारडं ते शब्द घालून बरोबरीला यायला हवं. नाही आलं तर आणलेलं माझं आणि आवाजही माझे."

"शब्द कुठलाही चालेल?"

"कुठलाही. मी कधी कोणाला फसवलं आहे का, बाई? जे मागतो ते लिहून देतो."

खरं सांगतो, मला त्या मांत्रिकाचा राग येत नाही. माझा राग दुसरीकडंच आहे, आणि तो आता येतोच आहे.

वेणुमती राजासमोर गेली. राजा म्हणाला, "मोहोर दिलीत तर नऊ पिढ्यांची मोहोरदारी गेली. विचार केलात?"

"तेव्हा केला नव्हता, महाराज. आता केला आहे."

"आणि पूल? पूल राहील ना?"

"राहील."

"मग आमची ना नाही," राजा म्हणाला, आणि जेवायला उठला.

आता दुसरी गोष्ट. एक तांब्याचा घडा काखेत मारून वेणुमती दारोदार निघाली. काय मागत होती? सोनं नाही, धान्य नाही, एक शब्द. माणसाच्या तोंडी हजारो शब्द असतात, त्यातला एक. आणि कोणासाठी? त्यांच्याच नातवंडांसाठी!

"आम्ही का म्हणून द्यायचा?" लोक म्हणाले. "पूल फुकट ठरला होता."

"फुकट नव्हता. पोरांनी भरला."

"मग मोहोर कोणी उठवली? आम्ही?"

ती दारात उभीच राहिली. उन्हात, पावसात, कुत्री भुंकत असताना उभी राहिली. शेवटी चावडीवर बैठक बसली. परगण्याचा चौधरी मोठा धोरणी माणूस. तो म्हणाला, "देऊन टाकू. पण देताना कमीत कमी द्यावं. आपल्याला सर्वांत कमी लागणारा शब्द कोणता?"

लोकांनी डोकी खाजवली. मग चौधरीच हसून म्हणाला, "चुकलं."

वाहवा! सगळ्यांना एकदम पटलं. कोणी म्हणतं का कधी हा शब्द? नवरा बायकोला म्हणत नाही, सासू सुनेला म्हणत नाही, अंमलदार तर कोणालाच म्हणत नाही. चौधरी घड्यावर वाकला, पुटपुटला, आणि तो शब्द त्याच्या जिभेवरून कायमचा गेला. त्याच्यामागं रांग लागली. तीन हजार माणसांनी हसत हसत तोच शब्द घड्यात टाकला. राजानंही पालखीतून वाकून तोच दिला. जळो मेली ती हुशारी!

रांगेच्या शेवटी वज्रधर पाथरवट होता. तो म्हणाला, "मोहोरदारबाई, मला दिवसभर एकच शब्द लागतो. तोच घ्या." आणि त्यानं 'दगड' हा शब्द दिला. पुढं आयुष्यभर तो मजुरांना बोट दाखवून सांगत असे, "ते आण, ते तिकडं ठेव."

वेणुमती घडा घेऊन कमानीखाली आली. मोहोर खर्परकापुढं ठेवली. मग घडा रिकाम्या पारड्यात उपडा केला. तीन हजार शब्द फोलासारखे भुरभुर पडले. पारडं जागचं हललं नाही. शेवटी वज्रधराचा शब्द पडला तेव्हा ते वीतभर खाली आलं.

खर्परक म्हणाला, "जो शब्द कोणी बोलतच नाही त्याला वजन कुठून येणार? तुमचा परगणा मला ठाऊक आहे, बाई. म्हणूनच मी इथं लखोटा टाकला."

"अजून एक शब्द बाकी आहे. माझा."

"एकच. पुरला नाही तर सगळं गेलं."

वेणुमती खाली बसली. 'मोहोर' द्यावा? मोहोर तर गेलीच होती, तिचं वजन तिच्याबरोबर गेलं. 'चुकलं' द्यावा? तो तिच्याजवळ जड झाला होता. पण तिला वाटलं, एवढ्या परगण्यात वज्रधराखेरीज निदान आणखी एका तोंडी तरी तो राहायला हवा. मग तिला रोजच्या शंभर हाका आठवल्या, ओ न आलेल्या, चार वर्षांच्या. यापरतं जड तिच्यापाशी काही नव्हतं, आणि हे तिला मघापासूनच कळत होतं.

तिनं पारड्यावर वाकून शेवटचं म्हटलं, "कुंदा."

पारडं खाडकन खाली गेलं आणि बरोबरीला थांबलं. पांढरे खडे फुटले. वर पुलावर, गावात, शेतात, ब्याण्णव मुलं एकदम ओरडली. खर्परकानं तराजू गुंडाळला, मोहोर पाण्यात फेकली आणि निघून गेला. शाप उतरला.

परगण्यात आठवडाभर उत्सव झाला. सुनांना बोल लावणाऱ्या सासवा आता सुनांच्या पाया पडतील, असं तुम्हाला वाटलं असेल. नाही हो. त्यांच्या तोंडी तो शब्दच उरला नव्हता, आणि खरं सांगायचं तर कोणाला तो शोधावासाही वाटला नाही. दप्तरात नोंद झाली की पूल उत्तम आहे आणि मुलंही उत्तम आहेत. नवा मोहोरदार आला. नवी मोहोर घडली. घडी पूर्ववत बसली.

दोन वर्षांनी राजानं डोंगरातून रस्ता काढायचं ठरवलं. लखोटे आले. साळुंकीनं एक वाचला, "खजिन्यातून शून्य मोहरा."

"वा!" दरबार म्हणाला.

नव्या मोहोरदारानं तीन प्रश्न विचारले. पहिला ठोका पडला. दुसरा पडला. मागच्या गर्दीतून एक सहा वर्षांची पोर आजीचा हात सोडून पुढं आली आणि तिनं विचारलं, "पण देणार कोण?"

मोहोरदार चिडला. "ही हरकत आहे का? मग नाव पुकारावं लागेल. पोर कोणाची आहे? बोला!"

वेणुमतीनं तोंड उघडलं. जीभ हलली, ओठ हलले. शब्द आला नाही. तिनं आजूबाजूला पाहिलं. ते नाव सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळे जमिनीकडं बघत होते, कारण रस्ता फुकट मिळत होता. नगारची तिसऱ्या ठोक्यासाठी टिपरू उचलून तयार होता.

"मी कुंदा," पोर म्हणाली.

"स्वतःचं स्वतः चालत नाही!"

तेव्हा साळुंकी म्हणाली, "नियमात 'नाव पुकारलं जावं' एवढंच लिहिलं आहे. कोणी, ते लिहिलेलं नाही."

तिसरा ठोका पडला नाही. हरकत नोंदली गेली आणि लखोटा परत पाठवला. त्या दिवसापासून तिथं चार प्रश्न विचारतात. लोक मात्र त्या पोरीवर अजून धुसफुसतात.

घरी जाताना पुलावर वेणुमती म्हणाली, "त्या दिवशी माझं चुकलं, बाळ." सबंध परगण्यात हे एवढं म्हणू शकणारी मोठी माणसं दोनच उरली होती, वज्रधर आणि ती.

पोरीला ते काही कळलं नाही. ती पुढं पळाली, पुलाच्या टोकाला जाऊन उभी राहिली आणि ओरडली, "आजी, सगळ्यांच्या आज्या नावानं हाक मारतात. तूच मारत नाहीस. एकदा मार ना! मी लगेच ओ देते."

म्हातारी पुलाच्या मधोमध थांबली. तिनं हात वर केला आणि नुसता हलवला.