किटली पुन्हा आत गेली

गिरण्या सूत कातायच्या त्या काळातली एक किटली होती. अनसूयाबाईंच्या टपरीवर उकळायची आणि गिरणीच्या फाटकातून आत जाऊन साऱ्या कामगारांना चहा पाजून यायची. मग गिरणी बंद पडली, गिऱ्हाईक आटलं.

एके दिवशी त्याच गिरणीला रंग लागला, आत रंगमंच उभा राहिला. किटलीचं झाकण आनंदानं थडथडू लागलं. "शेगडीताई, ऐकलंस का? नाटकं होणार, गाणी होणार! मध्यंतरात आपल्या चहावर उड्या पडणार बघ!"

"पडतील गं," शेगडी म्हणाली. "पण शेजारची खानावळ कालच उठवली. जागेला भाव आलाय म्हणे. आपल्याला ठेवतील?"

"तू कायमची रडकी!"

आठवडाभरात टपरीही उठली. शेगडी अनसूयाबाईंबरोबर गावाबाहेर गेली. किटली मात्र नाट्यगृहवाल्यांनी हौसेनं मागून घेतली. पुन्हा फाटकातून आत! किटली हुरळून गेली. त्यांनी तिला लख्ख घासलं, बुडाला मोठं भोक पाडलं, छताला टांगलं आणि पोटात दिवा लावला.

पोटाला ऊब लागली. खाली गर्दीच गर्दी! किटली आनंदानं ओरडली, "अनसूयाबाई, आधण आलं! दूध ओता लवकर!"