तांदळाची साक्ष

तुषार ग्रहावरची हवा अजून विरळच होती. तरी प्रशासक राजाध्यक्षांनी ती पुरेशी दाट झाल्याचे जाहीर केले आणि शेवाळ लावून हवा दाट करणाऱ्या कुटुंबांना, काम संपले म्हणून, त्यांची दरी सोडण्यास फर्मावले.

वृद्ध चांगुणाबाई म्हणाल्या, "सोडतो की, साहेब! उघड्यावर शिजवलेला भात आमच्यासोबत जेवा, मग निघतो."

"कबूल!"

आधण चढले. विरळ हवेत पाणी लगेच खळखळले, पण पुरेसे तापेना. दोन प्रहर उलटले, तरी तांदूळ कच्चाच.

भुकेले राजाध्यक्ष खेकसले, "अहो बाई, पाणी तर केव्हाचं उकळतंय!"

"पाण्यानं तुमचा जाहीरनामा ऐकला, साहेब. तांदूळ मात्र हवा बघूनच शिजतो."

शब्दात अडकलेल्या राजाध्यक्षांनी हुकूम मागे घेतला. मग तव्यावरची भाकरी सगळ्यांनी मिळून खाल्ली. साहेबांनी तर दोनदा मागून घेतली.