टिटवीची आंघोळ

पाखरांनाही दुसऱ्याच्या संसारात डोकावायची भारी हौस होती, त्या काळची ही गोष्ट.

नदीकाठच्या उघड्या माळावर एका टिटवीनं अंडी घातली होती. वर वैशाखाचं ऊन. भर दुपारी ती डोहावर जायची, पोटाची पिसं चिंब भिजवायची आणि धावत येऊन अंड्यांवर बसायची. त्या ओलाव्यानं अंडी गार राहायची.

बाभळीवरच्या साळुंकीला मात्र तेवढी आंघोळच दिसायची. "पोरं उन्हात टाकून ही चालली नटायला! आई म्हणे!" ती साऱ्या झाडाला ऐकू जाईल असं म्हणायची.

एके दिवशी टिटवी गेलीच नाही. दाणे टिपून नवरा परतला, तर अंडी तापलेली.

"अगं, आज पाणी नाही आणलंस?"

"सगळे नावं ठेवतात हो," टिटवी पुटपुटली.

"तू सावली धर. मी आलोच." तो गेला आणि निथळत येऊन अंड्यांवर बसला.

साळुंकी हरखली. "काय गं बाई, नशीब काढलंस! पोरांसाठी किती राबतो बिचारा!"

नवऱ्यानं मान वर केली. "साळुंकीबाई, डोह तोच, पाणीही तेच. रोज ही आणते तेव्हा तुम्ही हिला काय म्हणता?"

साळुंकीला एकदम पंख साफ करायचे आठवले.

दुसऱ्या दिवशी टिटवी डोहावर गेली. अंड्यांसाठी पोट भिजवलं. मग नवरा घरट्यावर आहे हे बघून आणखी एक डुबकी मारली, नुसती स्वतःसाठी.